खिडकीशी ये, डोळे दाखव

डॉक्टरबाईंनी तपासायच्या खोलीतला दिवा बंद केला आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. "इकडे खिडकीशी ये, डोळे दाखव," त्या म्हणाल्या. वैदेही उठून गेली. त्यांनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली, वर बघ म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "आई, हिचे डोळे तुम्ही शेवटचे कधी बघितलेत?"

"रोजच बघते की," मी म्हटलं.

"दिवसाउजेडी?"

मी पुढे होऊन बघितलं. डोळ्यांत जिथं पांढरं असायला हवं तिथं पिकल्या लिंबाच्या सालीचा रंग होता.

"कावीळ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजची नाही, चांगली मुरलेली आहे." आम्ही गेलो होतो अशक्तपणासाठी एखादं टॉनिक मागायला.

हे मी लिहायला घेतलंय ते ज्यांची मुलं नुकती बारावी होऊन कॉलेजात गेली आहेत अशा आईबापांसाठी. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते रद्दीतली मासिकं वाचून आलं, त्यामुळे भाषेकडे बघू नका, झालं ते बघा. वैदेही आमची एकुलती एक, आणि उशिरा झालेली. भाजीवाल्या मावशी अजून "नात का?" म्हणून विचारतात. मी आता "हो" म्हणून सोडून देते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी पिवळी झालेली पोर घरात दिसली कशी नाही? सांगते. आमच्या ह्यांचं इथं पुण्यात, बिबवेवाडीतच इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. दिवाळीत ह्यांनी घरातले सगळे दिवे काढून पिवळसर उजेडाचे नवे बल्ब लावले. म्हणाले, "ह्याला वॉर्म लाइट म्हणतात. मोठ्या हॉटेलात असतो." खरं कारण असं की दुकानात ते खपत नव्हते. त्या उजेडात आमच्याकडे आलेला पाहुणासुद्धा हळद लागल्यासारखा दिसतो. पोरगी उजाडायच्या आत कॉलेजला निघायची, यायची ती दिवे लागल्यावर, आणि रविवारी पडदा ओढून झोपायची. दिवसाच्या उजेडात ती आमच्या समोर आलीच नव्हती.

शिवाय आमच्या मनात दुसरंच होतं. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला त्यात वैदेहीचा एम-वन राहिला. एम-वन म्हणजे इंजिनीअरिंगच्या पहिल्या सत्राचं गणित. दहावी-बारावीला जिनं गणितात कधी नव्वदच्या खाली पाहिलं नाही तिचा गणितातच विषय राहिला. आणि दुसरं सेमिस्टर काही निकालासाठी थांबत नाही. ते आधीच सुरू झालेलं. एम-वन डोक्यावर, त्याच्यावर एम-टू, वर सबमिशन आणि प्रॅक्टिकल. पोरगी गप्प झाली. जेवेना. आली की आडवी व्हायची.

ह्यांची आपली पद्धत. "महाराणी सरकार, उठायचा विचार आहे, की झोपेतच डिग्री घेणार?" ती उत्तर द्यायची नाही. मी ह्यांना दटावायचे, "अहो, तिनं निकालाचं मनाला लावून घेतलंय. थोडे दिवस काही बोलू नका." पेपरात येतं ना हल्ली, मुलांना स्पेस द्या म्हणून. दिली बाई स्पेस. इतकी दिली, की तिचे डोळे पिवळे झाले तरी आम्हाला दिसले नाहीत.

त्या दिवशी औषधं लिहून झाल्यावर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि वैदेहीला विचारलं, "बाकी?"

"काही नाही," ती म्हणाली.

त्यांनी आणखी क्षणभर वाट पाहिली, मग म्हणाल्या, "बरं."

रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला तो हिपॅटायटिस ए. ही काविळीची अशी जात आहे की दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येते. मी लगेच विचारलं, "कॉलेजच्या गेटवरची पाणीपुरी असणार, हो ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "असेल किंवा नसेल. हा विषाणू पोटात गेल्यावर काही आठवडे गप्प बसतो. कुठल्या प्लेटमधून आला ते आता कुणी सांगू शकत नाही, म्हणून भांडू नका." ह्या काविळीला वेगळं औषध नसतं हेही त्यांनीच सांगितलं. विश्रांती, पाणी, आणि वेळ. यकृत आपलं आपण दुरुस्त होतं.

तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून दोन शब्द समजावून सांगते, कारण मला ते कुणी सांगितले नव्हते आणि रिपोर्ट हातात घेऊन मी नुसती रडले होते. एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी किती दुखावल्यात त्याचा अंदाज. बिलीरुबिन म्हणजे ज्यानं डोळे पिवळे होतात ते. ते एकच्या आसपास असायला हवं, वैदेहीचं दहाच्या वर गेलं होतं. आणि गंमत अशी, की आधी एसजीपीटी उतरायला लागतो आणि बिलीरुबिन मात्र काही दिवस चढतच राहतं. माणूस बरं होत असताना जास्त पिवळं दिसतं. हे ठाऊक नसलं की आई घाबरते.

पण आम्हाला खरी भीती दाखवली ती तिसऱ्याच तपासणीनं. तिचं नाव आयएनआर. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यात कळतं. यकृत फार दमलं की रक्त लवकर गोठत नाही. वैदेहीच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना, आणि तो आकडा थोडा जास्त आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दाखल करू. घाबरवत नाही, पण हा आकडा मला डोळ्यांसमोर हवा."

हॉस्पिटल छोटंसंच, आमच्या रस्त्यापासून जवळ. सलाइन लागलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं. समोर भिंतीवर पाटी: 'रुग्णाजवळ एकच नातेवाईक. दुसऱ्याने घरी जाऊन विश्रांती घ्यावी, पुढे त्याचाही नंबर लागू शकतो.' ह्यांनी ती पाटी पुनःपुन्हा वाचली आणि एकदाही हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हा माणूस किती घाबरलाय. एरवी अशी पाटी दिसली की हे फोटो काढून चार जणांना पाठवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा खाली आला. डॉक्टरबाई स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "वळणावरून गाडी पुढे गेली. आता फक्त वेळ." ह्यांनी त्यांना हात जोडले आणि विचारलं, "वॉर्डात तुम्ही पांढऱ्या ट्यूब लावल्यात त्या मुद्दाम का?"

"मुद्दाम," त्या म्हणाल्या. "का?"

"काही नाही. माझा धंदा आहे," हे म्हणाले, आणि घरी जाऊन स्टूलवर चढून एकेक पिवळा बल्ब काढून आले.

घरी आणल्यावर माझं राज्य सुरू झालं. म्हणजे पथ्य.

मी घरी मसाले करून देते. गोडा मसाला, कांदा-लसूण, आणि सांगलीची हळकुंडं आणून दळलेली हळद. मार्च-एप्रिल म्हणजे आमचा हंगाम, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या मंगलाताई बघायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, घरात पोत्यानं हळद, मग दुसरं काय होणार!" हळदीनं कावीळ होत नाही हे मला कळत होतं हो. पण पोरगी पिवळी पडलेली असताना कळून काय उपयोग? हळदीचं पोतं मी गच्चीवरच्या खोलीत हलवलं. वरणात हळद बंद, फोडणी बंद, तेल-तूप बंद. केळं पिवळं म्हणून बंद. आंबा आला, तो बंद. तिचा पिवळा कुर्तासुद्धा मी कपाटात खाली दाबून ठेवला. बिनफोडणीचं पांढरं वरण आणि मऊ भात, सकाळ-संध्याकाळ तेच.

मंगलाताईंनी कात्रजच्या पुढून कुणाकडून तरी काविळीची माळ आणली. बारीक काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. डोक्यातून घालायची. रोज ती थोडी थोडी लांबत जाते, खांद्यावर येते, छातीवर येते, तशी कावीळ उतरते म्हणतात. त्याच माणसाकडची पुडी होती, ती मात्र मी घेतली नाही. डॉक्टरबाई पुढच्या खेपेला माळ बघून म्हणाल्या, "माळ राहू दे, ती गळ्यातच आहे. पोटात मला विचारल्याशिवाय काही घालायचं नाही. कुणाची पुडी नाही, काढा नाही, साधी तापाची गोळीसुद्धा नाही." हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. दुखावलेल्या यकृताला आपण मायेनं दिलेलं औषधही जड जातं.

माळ खरंच लांबत गेली. मी रोज बघायचे आणि मनातल्या मनात हात जोडायचे. डोळेही निवळत चालले होते. एक दिवस दुपारी स्वयंपाकघरात येते तर ओट्यावर हळदीची रिकामी चिनीमातीची बरणी, आणि तिच्या गळ्यात तसलीच एक माळ. वैदेही शेजारी उभी, हात मागे बांधून.

"हे काय गं?"

"मंगलाकाकूंनी दोन आणल्या होत्या, एक खोक्यातच होती. गेल्या आठवड्यात हिला घातली. तेव्हा गळ्याला घट्ट होती, बघ आता कुठं आलीय. आई, बरणीलाही कावीळ झाली होती. बरी झाली."

मी बरणीच्या गळ्यातली माळ बोटानं उचलून पाहिली.

"काड्या ओल्या असतात गं. वाळल्या की बारीक होतात, गाठी सरकतात, दोरा सुटत जातो," ती म्हणाली. आणि किती महिन्यांनी कोण जाणे, हसली. मला माळेचं काही वाटलं नाही. मला वाटलं, आली पोरगी परत. जिला लहानपणी मिक्सर उघडून आत काय आहे ते बघायचं असायचं, ती आली.

पण कॉलेजचं नाव काढलं की ती परत पांघरुणात जायची. "आई, अजून थकवा आहे." मी म्हणायचे, "असणारच. काविळीचा थकवा सहा-सहा महिने जात नाही." असं मला कुणी सांगितलं होतं देव जाणे. कॉलेजातल्या तिच्या मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, की आजारपणाची हजेरी भरून काढता येईल, पण मुलीनं आता यायला हवं, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही आणि वर्ष जाईल. मी "बघते" म्हटलं आणि पांढरं वरण ढवळत राहिले.

मग तपासणीचा दिवस आला. रिपोर्ट सगळे जागेवर. डॉक्टरबाईंनी परत खिडकीशी नेऊन डोळे पाहिले. "सुरेख. सोमवारपासून अर्धा दिवस कॉलेज."

मी घाईनं म्हटलं, "डॉक्टर, अजून एक महिना विश्रांती लिहून दिलीत तर? जेवतही नाही नीट. फार अशक्त झालीय."

"जेवायला काय देता?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "अहो आई, हे खाऊन मीसुद्धा अशक्त होईन. मी कधी सांगितलं होतं फोडणी बंद करा म्हणून? हळद घाला, तूप घाला, आंबा द्या. कावीळ गेली. आता तुम्ही दोघी कशाचं पथ्य पाळताय?"

त्यांनी वैदेहीकडे बघून नेहमीसारखं विचारलं, "बाकी?"

ह्या वेळी ती "काही नाही" म्हणाली नाही. हातातली रिपोर्टांची फाइल तिनं टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मला ह्या वर्षी परीक्षाच द्यायची नाही. एम-टू मला जमत नाही. वर्गात सगळ्यांना कळतं, मला कळत नाही. कावीळ झाली म्हटलं की लोक फळं घेऊन येतात. नापास झाले म्हटलं की सल्ले घेऊन येतात."

"हे तू आजारी पडण्याआधीच ठरवलं होतंस?"

"हो."

"मग ते काविळीच्या नावावर कशाला? तिनं तिचं काम केलं आणि ती गेली." डॉक्टरबाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी सर्टिफिकेट देईन ते जेवढे दिवस तू आजारी होतीस तेवढ्यांचं. वर्ष सोडायचं की नाही हे तुम्ही घरी ठरवा, मी त्यातली डॉक्टर नाही. फक्त एक सांगते. काविळीनंतर काही आठवडे माणसाला सपाट रस्तासुद्धा चढ वाटतो. अशा वेळी कुठलाच मोठा निर्णय घेऊ नये. पंधरा दिवस अर्धा वेळ जाऊन ये. मग ठरव. आणि पंधरा दिवसांनी रडूच येत राहिलं, झोप लागेना, तर मला येऊन सांग. त्याचेही डॉक्टर असतात, चांगले असतात."

घरी आल्यावर मी ह्यांच्या कानावर सगळं घातलं. वैदेही दाराशी उभी होती. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलणार. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सोडायचं तर सोड वर्ष," हे म्हणाले. "मी दुकानावर पाटी लावतो. 'आमच्या मुलीने वर्ष सोडले आहे. कृपया चौकशी करू नये. बल्ब घ्यावा व जावे.'"

वैदेहीला हसू आवरेना आणि रडूही.

"पण कारण खरं सांगायचं," हे पुढे म्हणाले. "काविळीवर घालायचं नाही. गणित जमत नाही हे सांगायला लाज कसली? मला अजून जीएसटी जमत नाही. माणूस ठेवलाय त्याला."

"बाबा, मी इंजिनीअरिंगला माणूस ठेवू?"

"आम्हीच तुझी माणसं. बघ, चालतोय का आम्ही."

सोमवारी ती गेली. हे दुपारी दुकान बंद ठेवून स्कूटरवर तिला सोडायचे आणि तिथंच पार्किंगमध्ये डबा घेऊन थांबायचे. दोन तासांनी तिनं येऊन खायचं, असं डॉक्टरबाईंचं फर्मान होतं. थोड्याच दिवसांत तिच्या वर्गातली पोरं "काका, आज काय आहे?" म्हणत डब्याशी यायला लागली. हळद घातलेली बटाट्याची भाजी असायची, दुसरं काय. त्यातल्याच एका मुलीनं हसत हसत सांगितलं, "काका, एम-टू कुणालाच कळत नाही. आम्ही फक्त मान हलवतो." ही बातमी वैदेहीला कुठल्याही टॉनिकपेक्षा जास्त लागू पडली.

घरी मी माझ्यापुरतं एक केलं. ती टेबलावर अभ्यासाला बसली की मी समोर मिरच्या घेऊन बसायचे, देठं काढत. बोलायचं नाही, विचारायचं नाही. ती अडली की स्वतःशी पुटपुटायची. कधी मोठ्यानं म्हणायची, "आई, हे बघ, इथून इथं कसं आलं?" मला त्यातलं काय कळणार? पण मी म्हणायचे, "परत सांग बरं." ती परत सांगायची, आणि सांगता सांगता तिलाच उमगायचं. नाही उमगलं तर दुसऱ्या दिवशी ती सरांना विचारायची. आधी विचारायची नाही. ह्यांनी त्या टेबलावर दुकानातली सगळ्यात पांढरी ट्यूब लावली होती. तिच्या उजेडात आम्ही दोघी भुतासारख्या दिसायचो, पण एकमेकींना दिसायचो.

पंधरा दिवस झाले तेव्हा "ठरवलंस का?" म्हणून कुणी विचारलं नाही. ती पूर्ण वेळ जायला लागली होती, तेच उत्तर होतं. परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी आमरस केला. तिनं तो पिवळा कुर्ता शोधून काढून घातला आणि वाटीवर वाटी खाल्ली.

निकाल लागला. एम-वन सुटला, बाकीचे सुटले, एम-टू राहिला. तो घेऊन पुढच्या वर्गात जाता येतं, तशी ती गेली. मंगलाताईंनी जिन्यातच गाठलं, "काय गं, निकाल?" मी पुढे होऊन काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात वैदेहीच म्हणाली, "एम-टू राहिला, काकू."

"राहणारच गं. केवढी कावीळ झाली होती तुला!"

"कावीळ झाली होती, पण तो त्यामुळे नाही राहिला. मला तो येतच नव्हता. आता थोडा थोडा येतो."

मंगलाताई बरं बरं म्हणत वर गेल्या. मला मात्र त्या जिन्यात, हातात कढीपत्ता घेऊन, इतकं बरं वाटलं की काय सांगू. रिपोर्ट जागेवर आले त्या दिवशी वाटलं त्याहूनही बरं.

डॉक्टरबाईंचे उपकार आहेतच. त्यांना मी अधूनमधून गोडा मसाला देते आणि त्या दर वेळी "फी द्यायची असते, मसाला नाही" म्हणून तो घेतात. तुम्हाला माझं सांगणं एवढंच. मूल जेवेना, झोपून राहिलं, तर अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका आणि आजार म्हणून धरूनही ठेवू नका. लघवी गडद झाली का, अन्नाचा वास नकोसा झाला का, हे विचारायला लाजू नका. पाणी उकळा, हात धुवा. आणि दिवसाच्या उजेडात एकदा तरी बघा त्याच्याकडे.

आमच्याकडे आता नेम झालाय. सकाळी हे पेपर घेऊन बाल्कनीत बसतात आणि आतून जाणाऱ्या वैदेहीला हाक मारतात, "इकडे ये, डोळे दाखव." ती खालची पापणी ओढून दाखवते. हे चष्म्यावरून बघतात.

"पांढरे. बाकी?"

मग ती कठड्याला टेकते आणि सांगायला लागते. सर काय म्हणाले, कोण कुणाशी बोलत नाही, एम-टूच्या कुठल्या प्रकरणाशी तिचं अजून वैर आहे. परवा त्या 'बाकी'च्या नादात माझं दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि ओटा नंतर पुसू म्हटलं.